वसवशाला दवाही लागते

पहाटेची वेळ. आरे कॉलनीतल्या एका युनिटजवळच्या वस्तीत नववीतला एक मुलगा फजरच्या नमाजेआधी वजू करायला बसतो. हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत बाहू, डोके, पाय. दोन-तीन मिनिटांचे काम. त्याला चाळीस मिनिटे लागतात. पाय धुताना शंका येते की डावा कोपर कोरडाच राहिला असेल, म्हणून तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. पिंपातले पाणी अर्ध्यावर येते, अम्मी ओरडते, मशिदीतली जमात चुकते. घरीच नमाजेला उभा राहिला तर मनात अल्लाहविषयी एक घाणेरडा शब्द उमटतो. तो हादरतो, तौबा करतो, नमाज पुन्हा सुरू करतो. शाळेत शेवटच्या बाकावर बसतो. हजेरीला 'हजर' म्हणतानाही घसा कोरडा पडतो, कारण सगळा वर्ग आपल्याकडे बघतोय असे वाटते. आधी मशिदीत जाणे थांबते, मग शाळेत जाणे.

हा एक विशिष्ट मुलगा नव्हे. सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागांत येणाऱ्या अनेक मुलामुलींच्या कहाण्या एकत्र केल्या की असे चित्र उभे राहते. त्यातली सर्वांत खटकणारी गोष्ट म्हणजे ही मुले डॉक्टरपर्यंत पोहोचतात तेव्हा बहुधा वर्ष-दोन वर्षे वाया गेलेली असतात. या काळात कोणी काहीच केले नाही असे नसते. आईला वाटते मुलगा दीनदार होतोय. वडिलांना वाटते कामचुकारपणा करतोय. शेजारी नजर लागल्याचे किंवा जिन्नाचे नाव घेतात. शिक्षक प्रगतिपुस्तकावर 'शांत व लाजाळू' असे लिहून मोकळे होतात. प्रत्येकाने काही ना काही नाव दिलेले असते, फक्त आजाराचे नाव कोणी घेतलेले नसते.

दोन आजार, एकच वय

या चित्रात दोन वेगळे आजार आहेत. पहिला ओसीडी. जुन्या मराठीत याला मंत्रचळ म्हणत. नको असलेला विचार पुन्हा पुन्हा मनात घुसतो, त्याने प्रचंड अस्वस्थता येते आणि ती घालवण्यासाठी धुणे, तपासणे, मोजणे, मनातल्या मनात काही पुटपुटणे अशी कृती करावीच लागते. कृती केली की थोडा वेळ बरे वाटते आणि तेवढ्यानेच पुढच्या फेरीचे बी पेरले जाते. दुसरा आजार म्हणजे चारचौघांत वावरण्याची टोकाची भीती. लोक आपल्याला जोखत आहेत, आपले हसे होणार, या धास्तीने माणूस प्रसंगच टाळू लागतो. दोन्ही आजार बहुतेकदा किशोरवयातच डोके वर काढतात, आणि कित्येकदा जोडीने येतात. वजूला चाळीस मिनिटे लावणाऱ्या मुलाला मशिदीच्या हौदापाशी इतरांच्या नजरा बोचणारच.

हे प्रमाण किती? बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला. महानगरांत हा आकडा १३.५ टक्के होता, म्हणजे जवळपास दुप्पट. त्या सर्वेक्षणात १२ राज्ये होती आणि महाराष्ट्र त्यांत नव्हता. मुंबईतल्या मुलांसाठी धोरण आखायचे तर इतर महानगरांवरून अंदाज बांधावा लागतो, हीच मुळात लाजिरवाणी गोष्ट आहे.

विचार सगळ्यांनाच येतात

अशा मुलाला आणि त्याच्या घरच्यांना सर्वांत आधी सांगण्याची गोष्ट साधी आहे. घाणेरडे, हिंसक, देवाची निंदा करणारे विचार जवळजवळ प्रत्येकाच्या मनात येतात. १९७८ मध्ये रॅकमन आणि डी सिल्वा या संशोधकांनी निरोगी माणसांना विचारले, तेव्हा सुमारे ८० टक्के लोकांनी असे नकोसे विचार येत असल्याचे कबूल केले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३ देशांतल्या ७७७ विद्यार्थ्यांना हाच प्रश्न विचारला गेला. इराण आणि तुर्कस्तान हे मुस्लिमबहुल देशही त्यांत होते. मागच्या तीन महिन्यांत असा एक तरी विचार येऊन गेल्याचे जवळपास ९४ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितले. फरक पडतो तो पुढच्या पायरीवर. बहुतेकांच्या मनात तो विचार येतो आणि निघून जातो. ओसीडी असलेला मुलगा त्याला पकडून ठेवतो, कारण 'असा विचार आला म्हणजे मी काफिर झालो की काय' असा अर्थ तो लावतो.

मग तो विचार दाबायला जातो. औषध घेताना माकडाची आठवण काढायची नाही, असे वैद्याने बजावल्यावर रोग्याला दर घोटाला माकडच आठवते, ही गोष्ट आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये माकडाच्या जागी पांढरे अस्वल घेऊन तोच प्रयोग केला आणि निष्कर्षही तोच निघाला. मनाबाहेर ढकललेला विचार दुप्पट जोराने परत येतो.

यात एक क्रूर विनोद आहे. ज्याला जे सर्वांत प्रिय, त्यावरच हा आजार घाला घालतो. नवजात बाळाच्या आईला बाळाला इजा करण्याचे विचार छळतात. सोवळे पाळणाऱ्या घरातली सून देवघर पाच वेळा पुसते. युरोपातल्या ख्रिस्ती मठांत शतकानुशतके अशी माणसे होती, जी एकच पाप पुन्हा पुन्हा कबूल करायला पाद्र्यांकडे जात. मुस्लिम घरातल्या मुलाच्या बाबतीत हाच आजार वजू, गुस्ल, नियत आणि इमान यांना धरतो. म्हणजे ईश्वरनिंदेच्या विचाराने रात्रभर रडणारा मुलगा अश्रद्ध नसतो. श्रद्धा नसती तर तो विचार त्याला टोचलाच नसता.

हजार वर्षांपूर्वीचा वैद्य

मुस्लिम परंपरेत या त्रासाला वसवसा हा शब्द आहे. कुजबुज, कानाशी लागणे, असा त्याचा अर्थ. शब्द धार्मिक असल्यामुळे त्यावरचा इलाजही फक्त धार्मिकच असणार, असे कुटुंबे गृहीत धरतात. इतिहास वेगळे सांगतो. आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्ख प्रांतात नवव्या-दहाव्या शतकात अबू झैद अल-बल्खी नावाचा विद्वान होऊन गेला. 'मसालिह अल-अबदान वल-अन्फुस', म्हणजे शरीर आणि मन यांचे हित, हा त्याचा ग्रंथ. शरीर आजारी पडते तसे मनही आजारी पडते, हे त्यात स्वच्छ मांडले आहे. मनाच्या व्याधींचे राग, दुःख, भय आणि वसवसा असे चार गट पाडून प्रत्येकावर वेगळा विचार केला आहे. घरात औषधे आधीच आणून ठेवावीत तसे मन शांत असताना योग्य विचार तयार ठेवावेत, म्हणजे वादळात ते हाताशी येतात, असे तो सांगतो. वसवसा असलेल्याने एकटे राहू नये, माणसांत आणि कामात राहावे, असाही त्याचा सल्ला आहे. आजच्या मानसोपचाराच्या पुस्तकात शोभेल असा हा मजकूर हजारेक वर्षांपूर्वीचा आहे.

इस्लामी धर्मशास्त्रातही अशा मुलाच्या उपयोगाचे बरेच काही आहे. शंकेने खात्री रद्द होत नाही, हा तिथला एक पायाभूत नियम. वजू केल्याची खात्री असेल आणि ती मोडल्याची नुसती शंका असेल, तर वजू कायम आहे असेच धरायचे. अवयव धुण्याची मर्यादा तीन वेळा, त्यापुढे धुणे नापसंत. मनात आलेला विचार बोलून किंवा करून दाखवला नाही, तोवर त्याचा दोष लागत नाही. हे नियम बहुतेक मौलानांना ठाऊक असतात. चिंताग्रस्त मुलाला ते आजाराच्या संदर्भात कोणी समजावून सांगत नाही, एवढेच.

चुका दोन्हीकडून

पहिली चूक भल्या हेतूने होते. मूल शंका घेऊन येते, त्याला आणखी जप सांगितला जातो, आणखी तौबा, आणखी पाणी. ओसीडीत ही आगीवर तुपाची धार ठरते. मनाला दिलासा म्हणून केलेला जप हीच मग नवी सक्ती होते. शंभर वेळा म्हणायचे, मध्ये चुकले तर पुन्हा एकपासून. उपासना कोणती आणि आजार कोणता, हे ओळखण्याची एक ढोबळ खूण आहे. उपासनेनंतर माणूस शांत होऊन कामाला लागतो. आजारातल्या कृतीनंतर काही मिनिटांचा दिलासा मिळतो आणि मग दुप्पट शंका येते.

दुसरी चूक दवाखान्यात होते. घाईच्या ओपीडीत 'एवढे धार्मिक कशाला व्हायचे', 'नमाज काही दिवस सोड' अशी वाक्ये कानावर येतात. ज्याला आधीच धर्मभ्रष्ट होण्याची भीती आहे, त्या मुलाला डॉक्टरनेच धर्म सोडायला सांगितल्यासारखे वाटते. तो परत येत नाही, आणि त्याचे कुटुंब पुढच्या दहा कुटुंबांना येऊ देत नाही. उपचाराचे ध्येय धर्म कमी करणे हे कधीच नसते. त्याच्याच वस्तीतला, त्याच्याच वयाचा धर्मनिष्ठ मुलगा जशी वजू करतो तशी याला करता यावी, एवढेच ते असते. मापदंड समाजातूनच घ्यायचा आणि तो मुलाच्या विश्वासातल्या मौलानाकडून नक्की करून घ्यायचा.

तिसरी चूक सर्वांत महाग पडते. ताबीज, झाडफूक, मग बाबांकडे मुक्काम. तमिळनाडूतल्या एरवाडी इथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण जळून मेले. त्यातून धडा घेतल्याचे उदाहरणही देशात आहे. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुआ' हा उपक्रम उभा राहिला. दर्ग्याचे मुजावर येणाऱ्या रुग्णांना दुआ देतात आणि जवळच बसणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडेही पाठवतात. श्रद्धा न दुखावता उपचार पोहोचवण्याचा हा मार्ग मुंबईला अशक्य नाही.

उपचार प्रत्यक्षात कसा होतो

ओसीडीवरचा मुख्य मानसोपचार ऐकायला उलटा वाटतो. भीतीला सामोरे जायचे आणि ती घालवण्याची नेहमीची कृती करायची नाही. हे पायरीपायरीने होते. पहिल्या आठवड्यात वजू एकदाच, प्रत्येक अवयव जास्तीत जास्त तीन वेळा, नळ बंद, शंका आली तरी मागे वळायचे नाही. अस्वस्थता तापासारखी चढते. मुलाला वाटते ती कायम राहणार. ती राहत नाही, काही वेळाने आपोआप उतरते, आणि रोज थोडी लवकर उतरू लागते. नमाजेत विचार आला तर त्याच्याशी वाद घालायचा नाही, तौबा पुन्हा करायची नाही, त्या विचारासकट नमाज पुरी करायची. कोणतीही निषिद्ध गोष्ट मुलाकडून करून घ्यायची नसते, आणि तशी गरजही नसते.

माणसांच्या भीतीवरही पायऱ्याच. मराठी वाचकांना कि. मो. फडके यांच्या पुस्तकांमुळे अल्बर्ट एलिस हे नाव परिचित आहे. एलिस स्वतः तरुणपणी मुलींशी बोलायला कमालीचे घाबरत. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या एका उद्यानात बाकावर बसलेल्या शंभर अनोळखी स्त्रियांशी बोलायचेच, असा नेम केला. हाती काही लागले नाही, पण कोणी ओरडले नाही, पोलीस आले नाहीत, आणि भीती गेली. आरेतल्या मुलाची शिडी अर्थातच वेगळी असेल. किराणा दुकानात चुकीची नोट देऊन ती बदलून मागणे. कंडक्टरला थांबा विचारणे. वर्गात एक सोपा प्रश्न विचारणे. ईदच्या दिवशी तीन घरी जाऊन सलाम करणे. मुलीची शिडी तिच्या घरच्या चौकटीत बसेल अशीच बांधावी लागते, नाहीतर दुसऱ्याच भेटीला तिचे येणे बंद होते.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. सगळी भीती मनातून आलेली नसते. वर्गात नावावरून टोमणे ऐकणाऱ्या मुलाला 'तुला उगाच वाटते' असे सांगणे खोटेपणाचे आहे. मुंबई उपनगरातल्या एका महाविद्यालयाने हिजाबवर घातलेल्या बंदीचा वाद २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अशा काळात कॉलेजच्या फाटकाशी पाय अडखळणारी मुलगी लगेच रुग्ण ठरत नाही. आरेतल्या मुलांना हा फरक समजावणे सोपे आहे. इथे बिबटे खरेच आहेत. अंधारात टॉर्च घेऊन, सोबतीने चालावे हे शहाणपण. दिवसाउजेडी पान हलले तरी घरात कोंडून घ्यावे लागणे हा आजार. खऱ्या छळाविरुद्ध शाळेने कारवाई करायची आणि आजारावर डॉक्टरने उपचार करायचा. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात.

त्रास मध्यम किंवा तीव्र असेल तर गोळ्या लागतात. सेरोटोनिनवर काम करणाऱ्या या गोळ्यांची सवय लागत नाही. पण ओसीडीत त्यांचा पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन महिने जातात, म्हणून पंधरा दिवसांत गुण नाही म्हणून सोडू नयेत, आणि मनाने अचानक बंद तर मुळीच करू नयेत. सुरुवातीच्या काही आठवड्यांत बेचैनी वाढली किंवा मरणाचे बोलणे निघाले तर लगेच डॉक्टरांना सांगावे. नुसत्या झोपेच्या गोळ्यांनी यातला कोणताच आजार बरा होत नाही. मुस्लिम कुटुंबांचे दोन प्रश्न नेहमीचे असतात आणि ते रास्त आहेत. कॅप्सूलचे वेष्टण सहसा जिलेटिनचे असते. ज्यांना ते चालत नाही त्यांना बहुतेक वेळा साधी गोळी देता येते. रमजानमध्ये काय? यातली बहुतेक औषधे दिवसातून एकदाच घ्यायची असतात, ती इफ्तारनंतर किंवा सेहरीला बसवता येतात. मात्र हे रमजान सुरू होण्याआधी ठरवावे. न विचारता महिनाभर औषध बंद ठेवणारे रुग्ण ईदनंतर पुन्हा पहिल्या पायरीवर आलेले असतात.

घरच्यांची भूमिका डॉक्टरइतकीच मोठी आहे. 'अम्मी, माझी वजू झाली ना?' या प्रश्नाला दिवसातून तीस वेळा 'हो बेटा' म्हणणे ही माया असते, पण आजार त्यावरच पोसतो. मुलाशी आधी बोलून ठरवावे की हा प्रश्न आजार विचारतोय, त्याला उत्तर द्यायचे नाही. मग प्रेमाने तेवढेच म्हणावे. ओरडू नये, मारू नये, चारचौघांत चेष्टा तर अजिबात करू नये.

दार उघडायचे कोणी?

मुस्लिम मुलांसाठी वेगळे काय, आजाराला धर्म असतो का, असा आक्षेप येईल. आजाराला धर्म नसतोच. पण तो ज्या शब्दांत बोलतो ते शब्द डॉक्टरला कळले नाहीत, तर निदानच होत नाही. पोटदुखी मालवणीत सांगणाऱ्या बाईचे मालवणीत ऐकून घ्यावे लागते, त्यापेक्षा हे काही वेगळे नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने धर्म, जात, लिंग असा भेदभाव न करता सरकारी मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क दिला आहे आणि माहिती गुप्त ठेवण्याचे बंधनही घातले आहे. कागदावरचा हा हक्क आरेतल्या मुलापर्यंत पोहोचत नाही, हा खरा प्रश्न आहे.

१९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालेली ही दूध वसाहत आज तबेले, २७ आदिवासी पाडे, वस्त्या आणि टोलेजंग इमारती अशी सरमिसळ आहे. मेट्रो तीनचे स्थानक २०२४ मध्ये दारात आले. पण आतल्या युनिटातून रिक्षा करून, मग लोकल पकडून कूपर, नायर किंवा केईएमच्या मानसोपचार विभागात सकाळच्या ओपीडीला पोहोचायचे म्हणजे मुलाची शाळा बुडते आणि बापाच्या रोजाचा खाडा होतो. ओसीडीच्या मानसोपचाराला अशा दहा-पंधरा भेटी लागतात. कोणते कुटुंब हे निभावेल?

म्हणून काही मागण्या स्पष्टपणे मांडायला हव्यात. महापालिकेच्या शाळांत, उर्दू माध्यमाच्या शाळा धरून, मुलांची भाषा बोलणारा समुपदेशक ठरलेल्या दिवशी येईल अशी व्यवस्था हवी. २०१४ पासूनच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात मानसिक आरोग्य हा विषय आहेच, तो फलकावरून वर्गात उतरला पाहिजे. वस्तीजवळच्या महापालिका दवाखान्यात आठवड्यातून एक दुपार मानसोपचारतज्ज्ञ बसावा, म्हणजे शाळाही बुडणार नाही. परिसरातल्या इमामांसाठी सरकारी रुग्णालयांनी अर्ध्या दिवसाची कार्यशाळा घ्यावी. वसवसा कधी आजार असतो आणि तेव्हा मुलाला कुठे पाठवायचे, एवढेच त्यात सांगायचे. शुक्रवारच्या बयानात यावर पाच मिनिटे बोलले गेले तर जाहिरातींच्या वर्षभराच्या मोहिमेपेक्षा जास्त घरांत ते पोहोचेल. आणि डॉक्टरांनीही त्या मौलानांचा नंबर आपल्याकडे ठेवावा.

तोवर निदान एक क्रमांक घरातल्या भिंतीवर लिहून ठेवता येतो. टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ वर चोवीस तास, मराठी आणि हिंदीसह अनेक भाषांत बोलता येते. मुलगा किंवा मुलगी मरणाची भाषा करत असेल, स्वतःला इजा करत असेल, तर फोनवरही थांबू नये, जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात घेऊन जावे.

त्या चाळीस मिनिटांच्या वजूकडे परत येऊ. असा मुलगा वेळेवर उपचाराला आला तर काही महिन्यांत ती वजू पाच मिनिटांवर येऊ शकते. शंका पूर्ण जाते असे नाही, ती येते आणि तो तिला ओलांडून पुढे जातो. पहाटे पिंपात पाणी शिल्लक राहते, जमात चुकत नाही, आणि सात वाजता दप्तर घेऊन तो शाळेच्या वाटेला लागतो. एवढ्यासाठी त्याला आणखी दोन वर्षे थांबायला लावू नये.